शारीर तप आणि गृहस्थाचे घर
(सतराव्या अध्यायाच्या आधारे एक अभ्यास)

'तप' हा शब्द उच्चारताच मनासमोर जे चित्र उभे राहते ते बहुधा अरण्यातले असते. एका पायावर उभा असलेला तपस्वी, पंचाग्नीच्या मध्ये बसलेला साधक, महिनोन्महिने निराहार राहिलेला मुनी. पुराणकथांनी हे चित्र इतके खोल कोरून ठेवले आहे की, देहाला कष्ट देणे म्हणजेच तप, अशी सामान्य गृहस्थाची समजूत होऊन बसते. मग तो स्वतःच्या जीवनाकडे पाहतो. सकाळी कामावर जावयाचे, सायंकाळी थकून परतावयाचे. घरात वृद्ध माता-पिता, शाळेत जाणारी मुले आणि महिनाअखेरची ओढाताण. अशा जीवनात तपाला जागा कोठली, असे म्हणून तो तो अध्याय मिटून ठेवतो.

श्रीमद्भगवद्गीतेने या समजुतीला फार मोठा धक्का दिलेला आहे. परंतु नित्य पाठ करणाऱ्यांच्याही तो पुष्कळदा ध्यानात येत नाही. सतराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंतांनी शारीर तपाचे, म्हणजे शरीराने करावयाच्या तपाचे, लक्षण सांगितले आहे. तेथे कोणकोणत्या गोष्टी मोजल्या आहेत ते एकदा बोटांवर मोजून पाहावे. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी पुरुष यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. एवढेच! या यादीत उपवास नाही, उन्हात उभे राहणे नाही, थंड पाण्यात बसणे नाही, पर्वत चढणेही नाही. ज्याला जग 'देहाचा पराक्रम' म्हणते त्यातील एकही गोष्ट येथे आलेली नाही.

या यादीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तिच्यातील बहुतेक गोष्टींना दुसरा कोणीतरी लागतो. पूजनाला पूज्य लागतो. सरळपणा हा कोणाशी तरी वागतानाच दिसतो. अहिंसा ही दुसऱ्या जीवाच्या संबंधातच घडते. ब्रह्मचर्य, म्हणजे गृहस्थाच्या ठायी आश्रमधर्माला साजेसा संयम, हाही सहधर्मचारिणीच्या मानाशी निगडित आहे. तात्पर्य, शारीर तपाची भूमी निर्जन अरण्य नसून जेथे माणसे एकत्र राहतात ते घर हीच आहे. देह आपला, परंतु तो कोणाच्या उपयोगी पडला, या प्रश्नाच्या उत्तरावर तपाचे तपपण अवलंबून असते.

दोन बाजूंचे दोन खड्डे

हा मार्ग नीट चालावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजूंचे खड्डे आधी पाहिले पाहिजेत.

पहिला खड्डा देहदंडनाचा. याच अध्यायाच्या पाचव्या व सहाव्या श्लोकांत भगवंतांनी अशा लोकांचा उल्लेख केला आहे की, जे शास्त्राला सोडून, दंभाने आणि अहंकाराने घोर तप करतात. ते देहातील भूतसमुदायाला पीडा देतात, इतकेच नव्हे तर त्या देहात वास करणाऱ्या परमेश्वरालाही पीडा देतात, असे तेथे म्हटले आहे. आणि त्यांच्या निश्चयाला 'आसुर' हे विशेषण लाविले आहे. सहाव्या अध्यायात याच विचाराची दुसरी बाजू येते. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. अति निजणाऱ्याला नाही, तसा अति जागणाऱ्यालाही नाही. देह हे ईश्वराने दिलेले उपकरण आहे. उपकरण मोडून ठेवणारा कारागीर शहाणा ठरत नाही.

दुसरा खड्डा देहाच्या लाडांचा. अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात सांगितले आहे की, केवळ शरीराला क्लेश होतील या भीतीने जो आपले विहित कर्म टाकतो त्याचा तो त्याग राजस होय, आणि त्याला त्यागाचे फळ लाभत नाही. रात्री वडिलांना खोकल्याची उबळ आली असता ती ऐकूनही न ऐकल्यासारखे करून कूस बदलणारा मुलगा या श्लोकाच्या कक्षेत येतो. 'सकाळी कामाला जावयाचे आहे, झोप पुरी झाली पाहिजे' हे त्याचे कारण ऐकावयास बरे वाटते. पण ते देहभयाचेच एक रूप आहे.

मग कष्ट कोणते स्वीकारावे आणि कोणते टाकावे? याचा मापदंड सतराव्या अध्यायाच्या सतराव्या ते एकोणिसाव्या श्लोकांत दिला आहे. परम श्रद्धेने आणि फळाची अपेक्षा न ठेवता केलेले तप सात्त्विक. सत्कार, मान व पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेले राजस. ते चंचल असते, टिकत नाही. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तामस. कष्ट तेच, घाम तोच, चालणे तेच. परंतु आतील हेतू पालटला की त्या कष्टाची जात पालटते. देहाच्या कष्टाकडे पाहून श्रद्धेची परीक्षा होत नाही. कष्ट कोणासाठी झाले हे पाहून ती होते.

हा विचार कोरड्या शब्दांत राहू नये म्हणून आपल्याच काळातील एका घराचा वृत्तांत पाहू.

येलहंका येथील एक घर

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने गाव आहे. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांचे घराणे येथलेच. पुढे १६३८ साली विजापूरच्या सैन्याने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे मराठी माणसालाही हा परिसर परका नाही. आज येलहंका त्या महानगराचाच एक भाग झाला आहे. तेथे विमानदलाचा तळ आहे, रेल्वेची चाके घडविणारा कारखाना आहे, आणि तेथील एका मोठ्या रस्त्याला मेजर संदीप उन्निकृष्णन यांचे नाव आहे.

संदीप यांचा जन्म १५ मार्च १९७७ रोजी झाला. घराणे मूळचे केरळातील, कोळिकोडकडचे. पुढे बंगळुरात स्थायिक झालेले. वडील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेत अधिकारी होते. संदीप हे त्यांचे एकुलते एक अपत्य. १९९५ साली ते पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि १९९९ च्या जूनमध्ये बिहार रेजिमेंटच्या सातव्या पलटणीत अधिकारी म्हणून रुजू झाले. कारगिलच्या काळात 'ऑपरेशन विजय'मध्ये त्यांनी सीमेवर काम केले. बेळगाव येथील कमांडो शाखेत 'घातक' नावाचा जो अत्यंत खडतर शिक्षणक्रम घेतला जातो, त्यात ते प्रथम आले. २००७ च्या जानेवारीत ते राष्ट्रीय सुरक्षा दलात गेले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. प्रबोधिनीतील पहाटेची कवायत, बेळगावच्या डोंगरांतील पाठीवर ओझे घेऊन केलेली धाव, उपासमार, जागरण, पावसात व चिखलात घालविलेल्या रात्री, हे सर्व देहाचे कष्ट आहेत. ते तप होते की केवळ व्यायाम? ज्या दिवशी ते घडत होते त्या दिवशी याचे उत्तर कोणालाच देता आले नसते. शरीर कमावणारे पुष्कळ असतात. कमावलेले शरीर कोणाच्या कामी आले, हे काळ आला म्हणजेच कळते.

तो काळ २००८ च्या नोव्हेंबरात आला. २६ तारखेच्या रात्री मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. ताजमहाल हॉटेलात शेकडो लोक अडकून पडले. त्यांना सोडविण्यासाठी आलेल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या एका तुकडीचे नेतृत्व मेजर उन्निकृष्णन यांच्याकडे होते. चकमकीत त्यांच्या तुकडीतील एक कमांडो जखमी झाला. मेजरांनी प्रथम त्याला तेथून बाहेर काढण्याची व्यवस्था केली. मग सहकाऱ्यांना मागे ठेवून ते स्वतः दहशतवाद्यांच्या पाठलागावर पुढे गेले, आणि २८ नोव्हेंबर रोजी धारातीर्थी पडले. त्यांचे वय तेव्हा ३१ वर्षांचे होते. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हातून ते त्यांच्या मातोश्रींनी स्वीकारले.

कोणी शंका घेईल की, शारीर तपात अहिंसेची गणना आहे. मग शस्त्र धारण करणाऱ्या सैनिकाचे कष्ट तपात कसे बसावे? याचे उत्तर गीतेच्या एकंदर भूमिकेतच आहे. ज्या ग्रंथात अहिंसेला तप म्हटले, त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात शौर्य, तेज, धैर्य, दक्षता आणि युद्धातून न पळणे यांना क्षत्रियाचे स्वाभाविक कर्म म्हटले आहे. या दोहोंत विरोध नाही. स्वतःच्या रागलोभासाठी दुसऱ्याला पीडा न देणे ही अहिंसा. आणि निरपराध लोकांवर पडणारा घाव आपल्या अंगावर घेणे हे तिचेच वीररूप. जखमी सोबत्याला आधी बाहेर काढणे, आणि धोका जेथे सर्वांत अधिक तेथे स्वतः जाणे, या दोन कृतींत देह ढालीसारखा वापरला गेला. बेळगावच्या डोंगरांतील कष्टांचा हिशेब त्या घटकेस पूर्ण झाला. ते तप होते, हे त्या रात्री सिद्ध झाले.

ज्यांनी मुलाला दिले त्यांचे तप

परंतु गृहस्थाश्रमी वाचकाचे मन येथे थांबत नाही. ते त्या घराकडे जाते. एकुलता एक मुलगा गेला. मागे राहिलेल्या माता-पित्यांचे काय? गीता त्यांना काय सांगते?

येथे अनेक सद्भक्तांकडून नकळत एक कठोरपणा होतो. शोकाकुल घरात जाऊन ते आत्म्याच्या अमरत्वाचे श्लोक म्हणतात, आणि माता रडू लागली की तिच्या अश्रूंत अज्ञान पाहतात. त्यांनी महाभारताचे द्रोणपर्व उघडून पाहावे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. त्याचा पिता कोण? ज्याने युद्धाच्या आरंभी साक्षात् भगवंतांच्या मुखातून संपूर्ण गीता ऐकली होती तो अर्जुन! गीता ऐकून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. तरी तो पुत्रशोकाने विव्हळ झाला. सुभद्रेने विलाप केला. श्रीकृष्णांनी त्या वेळी बहिणीला आत्मज्ञानाच्या नावाखाली दटाविले नाही. ते तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तिचे सांत्वन केले. गीता सांगणाऱ्यानेच जेथे अश्रूंना जागा दिली तेथे आपण ती नाकारावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

तर मग गीतेचा उपयोग काय? तो असा की, शोक आला तरी त्याने कर्तव्याचा हात धरून ठेवू नये. दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण व सुखदुःखे ही येणारी-जाणारी आहेत, ती सहन कर, असे सांगितले आहे. त्या सहन करण्याला 'तितिक्षा' म्हणतात. तितिक्षा म्हणजे वेदना न होणे असे नव्हे. दगडालाही वेदना होत नाही; पण दगडाला कोणी तितिक्षू म्हणत नाही. वेदना पूर्णपणे होत असताना जो आपल्या धर्माच्या वाटेवर उभा राहतो तो तितिक्षू.

येलहंक्याच्या त्या घरातील पित्याने २०१२ साली एक गोष्ट केली. वयाची साठी उलटून गेली असता त्यांनी दिल्लीच्या इंडिया गेटपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सायकलवरून प्रवास केला. हे अंतर रस्त्याने सुमारे १४०० किलोमीटर आहे. ज्या ठिकाणी हा प्रवास संपतो त्याच्या समोरच ते हॉटेल उभे आहे, जेथे मुलाने देह ठेवला.

त्यांच्या अंतःकरणात कोणती श्रद्धा होती हे सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. परंतु गीतेचा मापदंड हाती असता कृतीचे स्वरूप पाहता येते. तामस तपाचे एक लक्षण म्हणजे दुसऱ्याचा नाश इच्छिणे. सायकल चालवून कोणाचाही नाश होत नाही. राजस तपाचे लक्षण मानाची इच्छा. परंतु ज्याच्या घरी राष्ट्राचा श्रेष्ठ सन्मान आधीच आलेला आहे, आणि त्या सन्मानाच्या मोबदल्यात ज्याचे सर्वस्व गेले आहे, त्याला आणखी कोणता मान हवा असणार? उरते ते स्मरण. पुत्राने देशासाठी देह झिजविला. पित्याने वृद्ध देह त्याच्या स्मरणात झिजविला. पुत्राच्या धर्माशी पित्याने आपल्या पायांनी जोडलेले ते नाते होते. अभिमन्यूच्या वधानंतर अर्जुनाचा शोक शस्त्राकडे वळला, कारण तो रणांगणावर उभा होता आणि तेच त्याचे कर्म होते. गृहस्थाचा शोक वळला तर असा, मार्गाकडे आणि माणसांकडे, वळावा.

आणि त्या घरातील माता? तिने कोणताही मार्ग चालून दाखविला नाही म्हणून तिचे तप उणे ठरत नाही. पुत्राचे पदक हाती घेण्यासाठी सर्व देशासमोर उभे राहणे, हे ज्या देहाने पुत्राला जन्म दिला त्या देहाचे तपच होय. अनेक घरांत अशा माता आहेत, ज्यांचे नाव कोणत्याही रस्त्याला लागत नाही. मुलगा सीमेवर, आणि घरात सासू-सासऱ्यांची शुश्रूषा करीत, प्रत्येक निरोपासरशी काळजाचा ठोका चुकवीत त्या दिवस काढतात. सैनिकाच्या शिक्षणाचा आरंभ प्रबोधिनीत होत नाही. तो या मातांच्या देहकष्टांत होतो.

मंडालेचा दाखला

गीतेच्या मराठी वाचकाला याच प्रकारचा एक जुना दाखला सहज आठवेल. लोकमान्य टिळकांनी तरुणपणी डेक्कन कॉलेजात असता शरीर कमावण्यासाठी अभ्यासाचे एक वर्ष बाजूस ठेविले होते. त्या वेळी ते सहाध्यायांना वेड वाटले असेल. पुढे १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेहाची व्यथा, परका मुलूख. त्या स्थितीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. १९१२ साली, ते तुरुंगात असतानाच, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात निवर्तल्या. अखेरची भेट घडली नाही. १९१४ साली सुटका झाली आणि १९१५ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

कर्मयोगाचे ते विवेचन वाचताना आपण शब्दांचा अर्थ पाहतो; परंतु त्या पानांमागे एका थकलेल्या देहाचे आणि एका विस्कटलेल्या घराचे मोल आहे, हे विसरता कामा नये. पुस्तक एकाने लिहिले, पण त्याची किंमत पती व पत्नी दोघांनी दिली. येलहंक्यातही तेच दिसते. तप एकाच्या देहावर दिसते, भार सर्व घर उचलते.

अभ्यासकांसाठी

आता हे सर्व आपल्या जीवनात कसे उतरावे? प्रत्येकाच्या वाट्याला रणांगण येत नाही, तुरुंगही येत नाही. परंतु देहाला कसोटीस लावणारे प्रसंग प्रत्येक घरात येतात. पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. स्मृती गेलेल्या आईला तोच प्रश्न दिवसातून पन्नास वेळा विचारता येतो आणि पन्नास वेळा शांतपणे उत्तर द्यावे लागते. कोणाला स्वतःच्याच व्याधीशी वर्षानुवर्षे झगडावे लागते. हे कष्ट कोणी मागून घेतलेले नसतात. ते आलेले असतात. आलेल्या कष्टाला तपाचे रूप देणे, हे मात्र आपल्या हाती आहे.

त्यासाठी पुढील चार गोष्टींचा अभ्यास एक महिनाभर करून पाहावा.

पहिली गोष्ट. कोणताही देहकष्ट स्वीकारताना मनाला विचारावे की, हा कोणासाठी आहे? उपवास असो, पायी वारी असो, पर्वतारोहण असो की रात्रीचे जागरण. उत्तरात केवळ 'मी' आला तर सावध व्हावे. कष्ट सोडावाच असे नाही, पण त्याला तप म्हणू नये.

दुसरी गोष्ट. केलेल्या कष्टाचा उच्चार टाळावा. 'मी तुमच्यासाठी किती केले' हे वाक्य तोंडातून निघाले की सात्त्विक तपाचे राजस तप होते. विशेषतः आजाऱ्याच्या समोर ते कधीही निघू नये. कारण ते त्याच्या व्याधीहून अधिक बोचते.

तिसरी गोष्ट. सेवा करणाऱ्यानेही आपला आहार व निद्रा सांभाळावी. हा स्वार्थ नव्हे. सहाव्या अध्यायातील मर्यादा सेवेलाही लागू आहे. घरातील एकाच व्यक्तीवर, बहुधा सुनेवर किंवा मुलीवर, सर्व जागरणाचा भार टाकून बाकीच्यांनी त्या घराला 'सेवाभावी' म्हणवून घेणे, हा दुसऱ्याच्या तपावर आपले पुण्य मोजण्याचा प्रकार आहे. भार वाटून घेणे हीही अहिंसाच. आवश्यक तेथे वैद्याचे साहाय्य घेण्यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

चौथी गोष्ट. कोणाच्या घरी मृत्यू किंवा दीर्घ व्याधी आली असेल तर तेथे उपदेश घेऊन न जाता काम घेऊन जावे. पाणी भरावे, औषध आणावे, एका रात्रीचे जागरण आपल्याकडे घ्यावे. श्लोकांचा अर्थ त्या घरातील माणसे पुढे आपण होऊन शोधतील. सुभद्रेजवळ श्रीकृष्ण प्रथम बंधू म्हणून गेले.

सतराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने श्रद्धेविषयी प्रश्न विचारला, आणि उत्तरात भगवंतांनी आहार, यज्ञ, तप व दान यांचे वर्णन केले. श्रद्धेविषयी विचारले असता भगवंतांनी माणसाचे खाणे, वागणे आणि देणे यांकडे बोट दाखविले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. श्रद्धा अंतःकरणात असते खरी. पण ती वाचावयाची झाली तर देहाच्या कर्मातच वाचावी लागते. आपल्या घरातील वृद्धाच्या उशाशी, आजाऱ्याच्या अंथरुणाशी, दमून आलेल्या सहधर्मचारिणीच्या हातातील काम आपल्या हाती घेताना, ती वाचली जात असते. त्या वाचनात आपली श्रद्धा सात्त्विक ठरो, एवढीच त्या अंतर्यामी परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.